त्या रात्री चंद्र कधी मावळला?

१४ जानेवारी १७६१. शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. पानिपतावर दुपार कलली तेव्हा विश्वासराव पडले होते, सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले होते आणि मराठ्यांची फौज फुटली होती. या फुटलेल्या फौजेतल्या एका सामान्य माणसाची रात्र एखाद्या कादंबरीकाराला लिहायची आहे असे समजू. मोहीम का फसली, अब्दालीची तोफखान्याची रचना कशी होती, हे प्रश्न पुढचे. त्याला सर्वांत आधी जे कळायला हवे ते अगदी साधे आहे: त्या रात्री उजेड होता का?

उत्तर तिथीतच आहे. शुद्ध अष्टमीचा चंद्र अर्धा असतो. तो दुपारी उगवतो, सूर्य मावळताना डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे रात्रीचा पूर्वार्ध चांदण्याचा आणि उत्तरार्ध काळोखाचा. चांदण्यात पळणाऱ्याला वाट दिसते, पण त्याच चांदण्यात पाठलाग करणाऱ्या घोडेस्वाराला तोही दिसतो. काळोखात वाट हरवते, पण जीव वाचण्याची शक्यता वाढते. मग शहाणा माणूस काय करील? चंद्र असेपर्यंत झुडपात दबून राहील, थंडीने काकडेल, जवळून जाणाऱ्या टापा ऐकेल आणि चंद्र मावळल्यावर उठून चालू लागेल. अनुभव नसलेला माणूस मात्र दिसतेय तोवर पळून घ्यावे म्हणून चांदण्यातच धावत सुटेल. पंचांगातल्या एका ओळीतून दोन माणसांचे दोन स्वभाव आणि दोन नशिबे निघाली.

ऐतिहासिक कादंबरीत अभ्यासाचे काम काय, याचे माझे उत्तर हेच आहे. अभ्यास म्हणजे कथेला चढवायचे दागिने नव्हेत. तो पात्रांवर घातलेली अट असतो. त्या काळात माणसाला काय करता येत होते, काय करता येत नव्हते आणि काय माहीत असणे शक्यच नव्हते, हे अभ्यास ठरवतो. लेखक त्या अटीत राहिला की कथा आपोआप त्या काळाची होते. अट मोडली, तर पानोपानी पगड्या, अंगरखे आणि मुजरे असूनही पात्रे आजचीच राहतात.

ही अट कधीकधी आपल्या लाडक्या समजुतीलाही लागू करावी लागते. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, असे आपण सहज बोलून जातो, कारण आपली संक्रांत १४ जानेवारीला येते. पण संक्रांत मोजतात ती सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावरून, आणि इंग्रजी दिनदर्शिकेत तो दिवस साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. हिशेब मागे नेला तर अठराव्या शतकाच्या मध्याला संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येत होती. तेव्हा लढाईच्या सकाळी कोणी कोणाच्या हातावर तिळगूळ ठेवत असेल, तर तो प्रसंग कितीही हृद्य असला तरी कापावा लागेल. त्याच्या जागी चार दिवसांपूर्वीची संक्रांत लिहिता येईल. रसद तुटलेल्या छावणीत, उपाशी जनावरांच्या मधोमध आलेली. मला तर हा प्रसंग पहिल्यापेक्षा अधिक खोल वाटतो.

बातमी चालते किती वेगाने

काळाची सर्वांत कडक अट असते बातमीच्या वेगाची. पानिपतच्या छावणीला वेढा पडल्यावर दक्षिणेशी असलेला पत्रव्यवहार जवळजवळ तुटला. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. २४ जानेवारीला, लढाईनंतर दहा दिवसांनी, भिलशाच्या मुक्कामी त्यांच्या हाती एक सावकारी पत्र लागले. मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याला गणती नाही, अशा आशयाचा पेढीच्या भाषेतला तो मजकूर होता. आजचे विदिशा म्हणजे तेव्हाचे भिलसा. पानिपतापासून ते आजच्या रेल्वेमार्गाने सव्वासातशे ते साडेसातशे किलोमीटर आहे. एवढे अंतर ती बातमी दहा दिवसांत कापून आली, आणि आली ती सरकारी जासुदाकडून नव्हे तर सावकारांच्या माणसाकडून.

या मधल्या दहा दिवसांत लेखकाला केवढे सापडते! आपला थोरला मुलगा विश्वासराव या जगात नाही हे ठाऊक नसलेला बाप त्याच मुलाच्या मदतीला फौज घेऊन चालला आहे. रोज मुक्काम पडतो, रोज कारभाराची पत्रे लिहिली जातात. वाचकाला सगळे माहीत आहे, पात्राला काहीच नाही. नानासाहेबांनी डिसेंबरअखेर पैठणला दुसरे लग्न केले. याबद्दल आपण त्यांना पुढच्या काळाचे ज्ञान हाताशी धरून दोष देतो. इतिहासकाराने तो निवाडा जरूर करावा. कादंबरीकाराने मात्र पैठणच्या मांडवात उभे राहून, त्या दिवशी त्या माणसाला उत्तरेची कितपत खबर होती, याचा आधी शोध घ्यावा. पात्राला पुढचे पान वाचून दाखवणे ही ऐतिहासिक लेखनातली सर्वांत मोठी आणि सर्वांत सोपी चूक आहे.

बातमी अपुरी राहिली की तिचे परिणाम वर्षानुवर्षे चालतात. भाऊसाहेब खरोखर पडले का, याबद्दल सर्वांची खात्री कधीच पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून परतल्या आणि १७८३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे आणि फौजा जमल्या, आणि १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. त्या काळात छायाचित्र नव्हते, ओळखपत्र नव्हते. ओळख पटवायची ती चेहऱ्याच्या आठवणीवर आणि साक्षीदारांच्या शब्दावर. ही अट समजली की तोतयाची गोष्ट भाबड्या लोकांची गोष्ट राहत नाही. त्या जागी आपणही कदाचित फसलो असतो, असे वाचकाला वाटू लागते.

कागदाला विचारायचे प्रश्न

मराठी लेखकाच्या हाताशी साधनांची मोठी दौलत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला, त्यात पानिपतच्या आधीच्या दशकातली आणि मोहिमेतली पत्रे आहेत. पुढे या मालेचे २२ खंड झाले. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. १९१० साली स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ तर या कामाचे माहेरघरच.

पण प्रत्येक कागद एकाच तोलाचा नसतो. मोहिमेच्या धामधुमीत लिहिलेले पत्र त्या दिवसाचे असते, लिहिणाऱ्याला उद्याची खबर नसते. म्हणून ते मोलाचे. पानिपत मोहिमेतली पत्रे वाचायला घेतली तर शौर्याच्या घोषणांपेक्षा पैसा, धान्य, नदीचा उतार, नावा, थकलेली खंडणी हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. भाऊसाहेबांची चिंता काय होती हे त्या कागदांतून कळते, आणि एखादा सेनापती रात्री जागा राहतो तो कशापायी, हेही.

बखर वेगळी. ती बहुधा मागाहून, कोणाच्या तरी सांगण्यावरून आणि ऐकणाऱ्याच्या मनावर ठसा उमटावा म्हणून लिहिलेली असते. बखरीतला तपशील पारखून घ्यावा लागतो, पण तिची भाषा, तिचा आवेश आणि त्या काळच्या लोकांना आपला इतिहास कसा आठवायला आवडत होता, हे तिच्याइतके कोणी सांगत नाही. हिशेबाचे कागद आणखी वेगळे. त्यांना कोणाची स्तुती करायची नसते. लग्नात तूप किती लागले, कोणत्या नोकराला काय वेतन मिळाले, दिव्याला तेल किती गेले, हे ते मुकाट्याने नोंदवतात. संसार उभा करायचा असेल तर लेखकाने पहिल्यांदा इथेच जावे.

कालगणनेची वाटही नीट माहीत असावी लागते. मराठी कागदांत शक आणि तिथी असते, तसेच शुहूर सनही असते. शुहूर सनाचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलते. शुहूर सन ११६१ हे वर्ष जून १७६० मध्ये सुरू होते आणि पानिपतची जानेवारी १७६१ त्याच वर्षात येते. ११६१ मध्ये सरसकट एकच आकडा मिळवून इसवी सन काढणारा लेखक अर्ध्या वर्षातल्या घटना एका वर्षाने चुकवतो. मग पत्र लिहिणारा माणूस पत्राच्या आधीच मरण पावलेला निघतो!

पाने भरण्याआधी जागा बांधा

अट कथेला कशी घडवते याचा उत्तम दाखला इटलीच्या उम्बेर्तो एको यांच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ या १९८० सालच्या कादंबरीत आहे. कथा १३२७ च्या नोव्हेंबरअखेर एका मठात घडते. हाच महिना का, हे एको यांनी नंतर सांगितले. कथेतला एक ऐतिहासिक माणूस, चेझेनाचा मिकेले, डिसेंबरमध्ये आविन्योंला पोचलेला असल्याची नोंद होती, म्हणून कथा त्याआधी संपायला हवी होती. दुसरीकडे, कथेत डुकराच्या रक्ताने भरलेल्या रांजणात एक प्रेत सापडायचे होते, आणि डुकरे मारतात कडाक्याच्या थंडीत. नोव्हेंबर त्यासाठी लवकर होता. मग एको यांनी मठ उचलून डोंगरावर नेला, जिथे तेव्हाच बर्फ पडते. अंगावर येणारा डोंगर, बर्फ, बर्फातली पावले हे सारे कादंबरीचे वातावरण दोन नोंदींचा मेळ घालताना जन्माला आले. त्यांनी मठाचा आराखडाही आधी काढला होता. एका इमारतीतून दुसरीकडे चालत जायला जितका वेळ लागेल, तितकेच संवाद दोन पात्रांच्या तोंडी घातले.

आपल्याकडे वाड्याची कथा लिहिणाऱ्याने हे करून पाहावे. दिंडीदरवाजापासून दिवाणखान्यापर्यंत चौक किती, माजघरातले बोलणे ओसरीवर ऐकू येते का, परसातल्या विहिरीवर कोण येऊ शकते आणि कोणाला मज्जाव आहे, हे कागदावर मांडले की कोणते गुपित फुटेल आणि कोणते टिकेल, हे वाडाच सांगू लागतो.

माहिती सांगायची कुणी, आणि केव्हा

अभ्यास झाला की मोह सुरू होतो. कष्टाने मिळवलेले सगळे वाचकाला सांगून टाकावेसे वाटते. इथे कादंबरी थांबते आणि व्याख्यान सुरू होते. एक नमुना घेऊ. प्रसंग कल्पित आहे, आकडेही कल्पित आहेत. स्थळ बुऱ्हाणपूरची एक पेढी, काळ १७६१ च्या जानेवारीचा तिसरा आठवडा. पहिला मसुदा असा:

‘गुमास्ता गादीवर बसला होता. त्या काळी रोख रक्कम दूर नेणे धोक्याचे असल्यामुळे व्यापारी हुंडीचा वापर करीत. हुंडी म्हणजे एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या सावकाराला रक्कम देण्याविषयी लिहिलेली चिठ्ठी. त्यावर हुंडणावळ आकारली जाई.’

यात चूक काहीच नाही, पण घडतही काही नाही. आता दुसरा मसुदा:

‘दिल्लीची हुंडी पुढे केली, तरी गुमास्त्याने हात पुढे केला नाही.
“दिल्लीवरची नको.”
“अहो, आठ दिवसांमागे याच गादीवर शेकडा दोन हुंडणावळ घेऊन पटवलीत!”
“आठ दिवसांमागे पटवली. आज शेकडा दहा दिलीत तरी नको. आग्र्याची असली तर बघतो.”
“झालंय तरी काय दिल्लीला?”
गुमास्त्याने वही मिटली. “आम्हाला काय ठाऊक? वरून मालकांचं पत्र आहे, एवढंच.”’

हुंडी म्हणजे काय, हुंडणावळ कशी घेतात, गावागावाचा भाव कसा वेगळा, हे वाचकाला कळले. शिवाय आणखी एक गोष्ट कळली: उत्तरेत काहीतरी भयंकर घडले आहे आणि दरबाराच्या आधी बाजाराला त्याचा वास लागला आहे. माहिती तीच. पण पहिल्या मसुद्यात ती लेखक सांगतो, दुसऱ्यात ती एका माणसाची अडचण झाली आहे. कोणाला तरी काही हवे आहे आणि ते मिळत नाही, अशा क्षणी वाचक कितीही माहिती आनंदाने घेतो.

नवखे पात्रही इथे कामी येते. पहिल्यांदा फडावर बसलेला पोर, परमुलखातून आलेली सून, भाषा न समजणारा वकील यांना विचारायचा हक्क असतो. मात्र दोघांनाही जे ठाऊक आहे ते दोघांनी एकमेकांना समजावून सांगू नये. कोणताही कारभारी आपल्या धन्याला ‘आपले तीर्थरूप थोरले बाजीराव, जे १७४० साली वारले’ असे म्हणत नाही.

ताटातले आणि तोंडातले

मोठ्या घटना लेखक सहसा चुकवत नाही. चुका होतात त्या ताटात. मिरची पोर्तुगिजांमुळे अमेरिकेतून आली आणि पेशवाईत ती घरोघर होती, तेव्हा तिखटाला हरकत नाही. चहा मात्र नाही. आसामात त्याची लागवडच १८३० च्या दशकातली आणि घराघरांत तो पोचला विसाव्या शतकात. टोमॅटोच्या कोशिंबिरीला पेशव्यांच्या पंगतीत जागा नाही. शिवकालातल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी वाढणाऱ्याने लक्षात ठेवावे, की आपला टॅपिओकाचा साबुदाणा सेलमच्या परिसरात १९४० च्या दशकात धंदा म्हणून उभा राहिला. पात्राने दिवा लावताना काडी ओढली तर तीही चूक, तिथे चकमक आणि गारगोटी हवी.

तोंडातले शब्दही तपासावेत. घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. माणूस ‘दोन घटका थांबा’ म्हणेल, ‘पाच मिनिटे’ म्हणणार नाही. निवेदकाच्या उपमांनाही जन्मसाल असते. १८५३ च्या आधीच्या कथेत एखाद्याचा संसार रुळावर येऊ नये, आणि कोणाला विजेच्या तारेचा झटका बसू नये. याचा अर्थ सगळी कादंबरी बखरीच्या भाषेत लिहावी असा नाही. तसे केले तर वाचक दमतो. चुकीचा शब्द टाळला, तरी निम्मे काम होते.

कल्पित जगालाही अटी असतात

ज्यांना इतिहास नव्हे तर नवे जगच निर्माण करायचे आहे, त्यांनाही यातून सुटका नाही. जयंत नारळीकरांच्या एका विज्ञानकथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले असते. बदल केलेला असतो तो एकच: विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात लागत नाही, चाटून जाते. बाकीचे सगळे त्या एका बदलातून कार्यकारणाने येते. मराठी सत्ता टिकते, ईस्ट इंडिया कंपनीचा पसारा आवरला जातो, आणि मुंबईचे स्थानकही निराळे दिसते. एकच गाठ सोडायची आणि मग धागा जिथे नेईल तिथे निष्ठेने जायचे, ही शिस्त नवे जग रचणाऱ्या प्रत्येकाने गिरवावी.

टोल्किन यांनी तर पूर्ण कल्पित भूमी रचली, पण ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना एकमेकांपासून दूर असलेल्या पात्रांना एकाच रात्री चंद्राच्या वेगवेगळ्या कला दिसू नयेत, म्हणून लिहून झालेली प्रकरणे पुन्हा दुरुस्त केली. जग कल्पित होते, पण त्यावर चंद्र एकच होता.

कथेचे ऋण

या सगळ्या काटेकोरपणाचे कारण केवळ कलेचे नाही. लोक इतिहास शिकतात तो बहुतेक वेळा गोष्टींतून, आणि गोष्टीत बसलेली प्रतिमा पुराव्याने हलवायला पिढ्या लागतात. संभाजी महाराजांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८१० च्या सुमारास लिहिली गेली. ज्यांना महाराजांनी देहदंड दिला त्या बाळाजी आवजी चिटणीसांच्या घराण्यातले हे लेखक. बखरीतली बेफाम राजपुत्राची प्रतिमा नाटकांनी उचलली, आणि रंगभूमीवर ती दीर्घकाळ टाळ्या घेत राहिली. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे साधने गोळा करून १९६० साली चरित्र प्रसिद्ध केले, पुढे डॉ. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिले, तेव्हा संस्कृतात ग्रंथ रचणारा आणि औरंगजेबाशी नऊ वर्षे झुंजणारा राजा लोकांपुढे आला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ त्या संशोधनानंतरची. संशोधकाने जमीन नांगरली नसती तर कादंबरीकाराला ते पीक काढता आले नसते.

म्हणून ऐतिहासिक लेखन करणाऱ्याने आपल्या टिपणांचे तीन भाग करावेत: कागदाने सिद्ध झालेले, त्या काळात शक्य असलेले आणि अशक्य ठरलेले. पहिल्याशी बेइमानी करू नये, तिसऱ्याला हात लावू नये आणि दुसऱ्यात मनमुराद लिहावे. पुस्तकाच्या शेवटी दोन पानांत, कोणती पात्रे कल्पित आहेत आणि कोणता प्रसंग आपण जोडला आहे, हे वाचकाला मोकळेपणाने सांगावे. त्याने कथेची मोहिनी कमी होत नाही, वाचकाचा विश्वास वाढतो.

आणि विषय संपले, असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधलेले आहेत, आणि त्यांतला थोडाच भाग आजवर छापला गेला आहे. आपल्या कादंबऱ्यांनी राजे, पेशवे आणि सेनापती यांना भरभरून दिले. त्या रुमालांतून मात्र गुमास्ते, बेलदार, कुणबिणी, जासूद, कर्जाने गांजलेले पाटील आणि हक्कासाठी भांडणाऱ्या विधवा बोलत आहेत. त्यांच्या तक्रारी, त्यांचे हिशेब, त्यांची शपथेवरची साक्ष तिथे आहे. मोडी लिपी चिकाटीने बसले तर काही महिन्यांत वाचता येऊ लागते, आणि ती शिकवणारे वर्गही चालतात. ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्या तरुणाने पहिले प्रकरण लिहिण्याआधी त्या वर्गात नाव घालावे.